रोखणे, आवरणे, कोंडणे : एका शब्दाचा राजकीय इतिहास

परराष्ट्रधोरणाचा इतिहास आपण बहुधा तह, युद्धे आणि सत्तांतरे यांच्या आधाराने वाचतो. तो शब्दांच्या आधारानेही वाचता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परराष्ट्रधोरण आणि युद्धनीती यांवर जे मोठे वाद झाले, त्यांतले पुष्कळसे 'कन्टेनमेंट' या एका शब्दाभोवती फिरत राहिले. १९४७ साली टोपणनावाने छापलेल्या एका लेखात हा शब्द आला आणि पाहता पाहता एका महासत्तेच्या धोरणाचे नाव बनला. ज्याने तो लिहिला, त्याला मात्र पुढची अर्धशतकाहून अधिक वर्षे 'मला असे म्हणायचे नव्हते' हे पुनःपुन्हा सांगावे लागले. लेखक, संहिता आणि वाचक यांच्या परस्परसंबंधांची चर्चा आपण वर्गात कविता-कादंबरीच्या निमित्ताने करतो. येथे त्याच चर्चेला माणसांच्या जिवाचे मोल जडलेले आहे. म्हणून हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे.

प्रथम शब्दच पाहू. मूळ इंग्रजी क्रियापदाच्या पोटात अनेक अर्थ नांदतात. भांडे पाणी धरून ठेवते, शहाणा माणूस राग गिळतो, सेनापती शत्रूला वेढ्यात अडकवतो, वैद्य साथीला गावाबाहेर जाऊ देत नाही. इंग्रजीत या चारही ठिकाणी ते एकच क्रियापद चालते. २०२० साली करोनाच्या काळात 'कन्टेनमेंट झोन' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला आणि सरकारी मराठीने त्याचे 'प्रतिबंधित क्षेत्र' केले. तो या शब्दाचा वैद्यकीय अर्थ. राजकारणातल्या अर्थाला मराठी प्रतिशब्द द्यायचा, तर अनुवादकाला निवड करावी लागते. 'रोखणे' म्हटले की पुढे येणारा कोणी आहे आणि आपण त्याच्या वाटेत उभे आहोत. 'आवरणे' म्हटले की त्यात धीर आला, संयम आला, प्रसंगी स्वतःलाही आवरणे आले. 'कोंडणे' म्हटले की चारी बाजूंनी वेढा आला, चौक्या आल्या, शस्त्रे आली. ही निवड इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला करावी लागली नाही. त्याने ती केली नाही, म्हणून पुढच्यांनी ती आपापल्या सोयीने केली. अमेरिकी धोरणातील पन्नास वर्षांच्या वादांचे एक मर्म येथे सापडते.

लेखकाचे नाव जॉर्ज केनन. २२ फेब्रुवारी १९४६ रोजी मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीतून त्यांनी वॉशिंग्टनला एक तार पाठवली. 'लाँग टेलिग्राम' या नावाने ती इतिहासात ओळखली जाते. केनन तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते आणि राजदूताच्या अनुपस्थितीत वकिलातीचा कारभार पाहत होते. जागतिक बँक आणि नाणेनिधी या नव्या संस्थांत सामील व्हायला रशिया का कचरतो, अशी वॉशिंग्टनची पृच्छा होती. त्याच महिन्यात, ९ तारखेला, स्टालिन यांनी केलेल्या भाषणाने तिकडे चिंता पसरली होती. आजारी केनन यांनी अंथरुणावरून मजकूर सांगितला. पुढे आठवणी लिहिताना त्यांनी या तारेची लांबी आठ हजार शब्द सांगितली आहे. मोजले तर ते पाच हजारांहून थोडे अधिक भरतात. जुन्या प्रोटेस्टंट प्रवचनासारखे आपण तिचे पाच भाग पाडले, असेही त्यांनी नमूद केले आहे. अधिकाऱ्याच्या पोटात एक लेखक दडलेला होता, हे या तपशिलांवरून ध्यानात येते. चेखव हा त्यांचा आवडता लेखक. त्याचे चरित्र लिहिण्याचा त्यांचा मनसुबा होता, तो तसाच राहून गेला. वाक्याचा डौल त्यांनी गिबनच्या इतिहासग्रंथाकडून उचलला होता. असा माणूस सरकारी टिपण लिहितो, तेव्हा ते टिपण म्हणून वाचले जात नाही; लोक त्याच्या प्रतिमा लक्षात ठेवतात.

नौदलमंत्री जेम्स फॉरेस्टल यांनी या तारेच्या प्रती वॉशिंग्टनमध्ये अनेकांना वाचायला दिल्या. केनन मायदेशी परतले आणि नव्याने स्थापन झालेल्या नॅशनल वॉर कॉलेजात शिकवू लागले. फॉरेस्टल यांच्याच मागणीवरून त्यांनी सोव्हिएत वर्तनाच्या मानसशास्त्रीय पार्श्वभूमीवर एक निबंध लिहिला. तो जुलै १९४७ च्या 'फॉरिन अफेअर्स' या त्रैमासिकात 'द सोर्सेस ऑफ सोव्हिएत कंडक्ट' या शीर्षकाने प्रसिद्ध झाला. सरकारी पदामुळे नाव छापता येत नव्हते, म्हणून लेखकाच्या जागी 'एक्स' एवढेच अक्षर होते. हे गुपित काही दिवसही टिकले नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे आर्थर क्रॉक यांनी तो मजकूर पूर्वी फॉरेस्टल यांच्याकडे पाहिलेला होता. त्यांच्या स्तंभामुळे लेखक कोण याचा उलगडा झाला. 'लाइफ' आणि 'रीडर्स डायजेस्ट' यांनी उतारे छापले आणि तज्ज्ञांसाठी लिहिलेला निबंध घरोघरी गेला.

निबंधाचा आशय थोडक्यात असा. सोव्हिएत सत्तेला बाहेरचे जग शत्रू म्हणूनच पाहावे लागते. विचारसरणीमुळे तर खरेच, पण घरातल्या हुकूमशाहीचे समर्थन करण्यासाठीही. मात्र तिला घाई नाही. पाण्याचा लोंढा जसा सापडेल त्या फटीत शिरतो आणि भिंत आडवी आली की थांबतो, तशी तिची चाल आहे. तेव्हा अमेरिकेने दीर्घकाळ, न थकता, ठामपणे आणि सावधपणे तिला 'कन्टेन' करावे. ती जेथे जेथे दाब देईल तेथे तेथे प्रतिबल उभे करावे. असे दहा-पंधरा वर्षे जमले, तर त्या व्यवस्थेतली अंतर्गत कीड तिला पोखरेल, ती मोडेल किंवा निदान मवाळ होईल. निबंधाच्या शेवटी केनन अमेरिकेकडे वळतात. तुमचे घर तुम्ही किती शहाणपणाने चालवता यावर हा सामना ठरणार आहे, असा त्यांचा सूर आहे.

आता या निबंधात आपली तिन्ही क्रियापदे कशी एकत्र नांदतात पाहा. लोंढा आणि भिंत ही प्रतिमा 'रोखणे' सुचवते. दीर्घ धीर आणि घर सांभाळण्याचा उपदेश 'आवरणे' सुचवतो. जागोजागी उभे करायचे प्रतिबल म्हणजे काय? पैसा, मुत्सद्देगिरी, नैतिक प्रभाव, की सैन्य? निबंध ते सांगत नाही. आणि प्रतिबल हा शब्द ऐकल्यावर सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे बंदूकच येणार. म्हणजे 'कोंडणे' आले. त्यातच चार महिन्यांपूर्वी, १२ मार्च १९४७ रोजी, अध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यासाठी ४० कोटी डॉलरची मदत मागताना जगातल्या स्वतंत्र जनतेला पाठिंबा देण्याची व्यापक भाषा वापरली होती. केनन यांचा मसुदा या भाषणाआधी, जानेवारीतच, तयार होता आणि भाषणातली विश्वव्यापी भाषा त्यांना पसंतही नव्हती. पण निबंध छापून आला तोवर ते परराष्ट्र खात्याच्या धोरण-नियोजन विभागाचे प्रमुख झाले होते. वाचकांनी भाषण आणि निबंध शेजारी ठेवले आणि दुसऱ्याला पहिल्याचे भाष्य मानले.

या निबंधाला पहिला आणि सर्वांत भेदक वाचक मिळाला तो म्हणजे वॉल्टर लिपमन. 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मधला त्यांचा स्तंभ देशभर वाचला जाई. १९४७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांनी एक्सच्या निबंधावर लेखमालाच लिहिली आणि त्याच वर्षी ती 'द कोल्ड वॉर' या नावाने पुस्तकरूपाने आली. शीतयुद्ध ही संज्ञा रूढ होण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. लिपमन यांचे आक्षेप आजही मुळातून समजून घेण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप असा की या धोरणात पुढाकार कायम प्रतिपक्षाच्या हाती राहतो. तो जेथे दाब देईल तेथे आपण धावायचे. दुसरा असा की अमेरिकेची राज्यघटना आणि अर्थव्यवस्था अशा अखंड धावपळीसाठी घडलेली नाही. प्रत्येक ठिकाणी सैन्य आणि पैसा धाडायचा तर काँग्रेसकडून कोरा धनादेशच हवा. तिसरा आक्षेप सर्वांत दूरदर्शी होता. रशियाच्या सीमेभोवती सर्वत्र प्रतिबल उभे करायचे, तर अमेरिकेला जागोजागी आश्रित राजवटी पोसाव्या लागतील. या राजवटी दुबळ्या असतील, आपापसांत भांडतील आणि आपल्या भांडणांत अमेरिकेला ओढतील. त्यांना सोडले तर नाचक्की, सांभाळले तर खड्डा. लिपमन यांचा स्वतःचा उपाय वेगळा होता. खरा प्रश्न मध्य युरोपात ठाण मांडून बसलेल्या लाल सेनेचा आहे. तेव्हा वाटाघाटींनी जर्मनीतून सर्वांचीच सैन्ये मागे घ्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते.

यातली गंमत, खरे तर शोकांतिका, अशी की लिपमन यांनी एक्सचा प्रतिवाद करताना मार्शल योजनेची स्तुती केली. युरोपला पैसा देऊन उभे करणे हाच खरा मार्ग, एक्सचा नव्हे, असे ते म्हणत होते. आणि मार्शल योजनेची मूळ आखणी ज्या विभागात झाली, त्याचे प्रमुख केननच होते. लिपमन लिहीत होते ते केनन यांनाही बव्हंशी मान्य होते. १९४८ च्या वसंतात आजारपणामुळे रुग्णालयात असताना केनन यांनी लिपमन यांना एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात आपल्याला सैनिकी नव्हे तर राजकीय प्रतिकार अभिप्रेत होता, असा खुलासा होता. हे पत्र त्यांनी कधी पाठवलेच नाही. पुढे एकदा रेल्वेच्या डब्यात लिपमन भेटले, तेव्हा वॉशिंग्टनपासून न्यूयॉर्क येईपर्यंत आपण एकटेच बोलत राहिलो, असे त्यांनी आठवणींत लिहिले आहे.

मग लिपमन चुकले का? साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे एक योगायोग आठवेल. विमसॅट आणि बियर्डस्ले यांचा 'द इंटेन्शनल फॅलसी' हा प्रसिद्ध निबंध १९४६ चा, म्हणजे लाँग टेलिग्रामच्याच वर्षाचा. लेखकाच्या मनात काय होते हा कृतीचा अर्थ ठरवण्याचा निकष होऊ शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद. त्या कसोटीवर लिपमन बरोबर होते. लेखकाच्या मनातले त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी छापलेला मजकूर वाचला आणि या मजकुरातून कोणते धोरण निघू शकते ते पाहिले. ते लेखकाविषयी चुकले, संहितेविषयी नाही. इतिहासाने त्यांचे वाचन खरे ठरवले.

केनन यांनी स्वतः १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आपल्या निबंधातले तीन दोष मान्य केले. पूर्व युरोपातील रशियाच्या अंकित देशांचा प्रश्न त्यात आला नाही. 'कन्टेनमेंट' म्हणजे सैनिकी नव्हे तर राजकीय प्रतिकार, हे स्पष्ट झाले नाही. आणि जगातला कोणता प्रदेश महत्त्वाचा, कोणता नाही, हा भेद त्यात केला नाही. तिसरा दोष सर्वांत महागात पडला. वॉर कॉलेजातल्या आपल्या व्याख्यानांत केनन सांगत की आधुनिक युद्धसामर्थ्य निर्माण करू शकणारी केंद्रे जगात पाचच आहेत : अमेरिका, ब्रिटन, जर्मनी व मध्य युरोप, रशिया आणि जपान. यांतले चार रशियाच्या हाती जाऊ नयेत म्हणजे झाले. हा मर्यादित अर्थ व्याख्यानात होता. छापील निबंधात नव्हता.

केनन यांना येथे निष्पाप लेखक म्हणून सोडून देणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. जून १९४८ मध्ये अमेरिकेच्या गुप्त कारवायांसाठी नवे कार्यालय स्थापण्याचा निर्णय झाला. त्यामागे केनन यांचाच आग्रह होता आणि उतारवयात त्यांनी ती आपली मोठी चूक मानली. शिवाय, पाच केंद्रांच्या त्या हिशेबात आशिया आणि आफ्रिकेतल्या बहुसंख्य माणसांना काही स्थानच नव्हते. संयमाचे हे तत्त्वज्ञान करुणेतून आलेले नव्हते. बऱ्याचदा ते उपेक्षेतून आले होते. तरीही एक प्रश्न उरतोच : उपेक्षेतून आलेल्या संयमाने जास्त माणसे मारली, की कळकळीतून आलेल्या विस्ताराने?

* * *

ऑगस्ट १९४९ मध्ये रशियाने अणुचाचणी केली. ऑक्टोबरात चीनमध्ये साम्यवादी सत्ता आली. जानेवारी १९५० मध्ये नियोजन विभागाची सूत्रे केनन यांच्याकडून पॉल निट्झ यांच्याकडे गेली. त्या वसंतात निट्झ यांच्या देखरेखीखाली एक गुप्त दस्तऐवज तयार झाला. 'एनएससी-६८' असे त्याचे रूक्ष नाव, पण भाषा मुळीच रूक्ष नाही. स्वातंत्र्य आणि गुलामी यांच्यातल्या जगव्यापी संघर्षाचे ते जवळपास महाकाव्य आहे. जगात कोठेही स्वतंत्र संस्थांचा झालेला पराभव हा सर्वत्र झालेला पराभव होय, असे त्याचे सूत्र. एकदा हे सूत्र मानले की महत्त्वाचा प्रदेश आणि बिनमहत्त्वाचा प्रदेश हा भेदच उरत नाही. खर्चाचा आकडा दस्तऐवजात मुद्दामच दिलेला नव्हता. परराष्ट्रमंत्री डीन ॲचिसन यांनी पुढे आठवणींत मोकळेपणाने कबूल केले, की सरकारातल्या वरिष्ठांच्या मनावर घण घालणे हा त्या दस्तऐवजाचा हेतू होता आणि त्यासाठी सत्याहून ठसठशीत लिहावे लागते.

शब्द तोच राहिला होता. निट्झ आपल्या धोरणाला 'कन्टेनमेंट'च म्हणत होते. फक्त क्रियापद बदलले होते : 'आवरणे' मागे पडले आणि 'कोंडणे' पुढे आले. २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध सुरू झाले, तोवर या दस्तऐवजाला मूर्त रूप आले नव्हते. युद्धाने ते दिले. १३ अब्ज डॉलरच्या आसपास रोखून धरलेला वार्षिक संरक्षणखर्च वर्षभरात ४८ अब्जांच्या घरात गेला. दक्षिण कोरियाच्या बचावाला केनन यांचा पाठिंबा होता. पण अडतिसावे अक्षवृत्त ओलांडून उत्तरेत शिरू नये, असे त्यांनी बजावले होते. ऑक्टोबर १९५० च्या आरंभी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पेकिंगमधले भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून सांगितले, की अमेरिकी फौजा त्या रेषेच्या पुढे आल्या तर चीन युद्धात उतरेल. भारताने हा निरोप पोचवला. वॉशिंग्टनने तो पोकळ धमकी समजून बाजूला ठेवला. पुढे चीन उतरला, आणि जुलै १९५३ मध्ये तहकुबी झाली तेव्हा दोन्ही बाजू जवळपास जेथून निघाल्या तेथेच उभ्या होत्या. दरम्यान ३६ हजारांहून अधिक अमेरिकी आणि लक्षावधी कोरियन व चिनी माणसे मेली.

एनएससी-६८ हा दस्तऐवज १९७५ पर्यंत गुप्त राहिला. म्हणजे पंचवीस वर्षे जाहीर वाद चालला तो एक्सच्या निबंधावर, आणि धोरण चालले ते दुसऱ्याच संहितेवरून. या वादात दोन्ही पक्ष अनेकदा एकमेकांना चुकवून बोलताना दिसतात, त्याचे हे एक कारण असावे.

१९५२ च्या निवडणुकीत जॉन फॉस्टर डलेस यांनी या धोरणावर उजवीकडून हल्ला केला. नुसते रोखणे हे भेकडपणाचे आहे, गुलाम राष्ट्रांना मुक्त केले पाहिजे, असे ते म्हणत. परराष्ट्रमंत्री झाल्यावर त्यांनी केनन यांना सेवेतून निवृत्त होऊ दिले. पण १९५३ च्या उन्हाळ्यात अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 'सोलेरियम' नावाचा एक गुप्त अभ्यास करवला. तीन गटांनी तीन पर्याय मांडायचे होते, आणि पहिल्या गटाचे नेतृत्व त्यांनी सोपवले ते केनन यांच्याकडेच. निष्कर्ष बव्हंशी संयमाच्या बाजूने लागला. १९५६ साली हंगेरीत रशियन रणगाडे शिरले तेव्हा मुक्तीची भाषा बोलणारे सरकार स्तब्ध राहिले.

युरोपात संयम राहिला. आशियात मात्र करारांची साखळी पडत गेली, आणि लिपमन यांच्या तिसऱ्या आक्षेपाचा पडताळा आपल्या दाराशी आला. मे १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानशी शस्त्रसाहाय्याचा करार केला. त्यापाठोपाठ सीटो आणि बगदाद करार झाले. अमेरिकेच्या लेखी हा साम्यवादाभोवतीचा बांध होता. पाकिस्तानच्या लेखी शत्रू दुसराच होता. ही शस्त्रे भारताविरुद्ध वापरू दिली जाणार नाहीत, असे आश्वासन आयझेनहॉवर यांनी नेहरूंना पत्राने दिले होते. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे जे पॅटन रणगाडे चिखलात रुतले आणि भारतीय सैन्याने निकामी केले, ते याच साखळीतून आलेले होते. भिखीविंडजवळ पकडलेल्या रणगाड्यांची रांग लागली आणि त्या जागेला लोक 'पॅटननगर' म्हणू लागले. एक्सच्या निबंधात ना भारत होता ना पाकिस्तान. आश्रित राष्ट्र आपले भांडण घेऊन येते, हे लिपमन यांचे वाक्यार्थाने सांगणे पंजाबच्या उसाच्या शेतांत खरे झाले.

* * *

या वादाचा सर्वांत जाहीर प्रसंग १० फेब्रुवारी १९६६ चा. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष विल्यम फुलब्राइट यांनी व्हिएतनामवर दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित होणारी सुनावणी ठेवली होती. १९६५ अखेर व्हिएतनाममध्ये सुमारे एक लाख ८४ हजार अमेरिकी सैनिक होते. ज्या शब्दाच्या नावाने ते तेथे गेले होते, त्या शब्दाचा लेखक साक्षीला बसला. केनन यांनी सांगितले, की आपण मुळात तेथे गुंतलो नसतो तर आज गुंतण्याचे कारण नव्हते. तो देश औद्योगिक किंवा सैनिकी दृष्ट्या निर्णायक नाही. एकदम पळ काढावा असे त्यांचे म्हणणे नव्हते. युद्ध मर्यादित ठेवून शक्य तितक्या लवकर बाहेर पडावे, एवढेच ते सांगत होते. अमेरिकेने राक्षसांच्या शोधात परदेशी हिंडू नये, या आशयाच्या जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या १८२१ च्या भाषणाचा त्यांनी आधार घेतला. त्या दिवशी सीबीएस वाहिनीने ही साक्ष न दाखवता 'आय लव्ह लूसी' या विनोदी मालिकेचा जुना भाग दाखवला. वृत्तविभागाचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी त्यावरून राजीनामा दिला.

लिपमनही तोवर जॉन्सन यांच्या युद्धाचे कठोर टीकाकार झाले होते. एकोणीस वर्षांपूर्वीचे दोन प्रतिवादी आता एकाच बाजूला उभे होते. पण शब्द दोघांच्याही हातून निसटला होता. १९६९ साली व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्य पाच लाख ४० हजारांवर गेले. युद्ध संपले तेव्हा ५८ हजारांहून अधिक अमेरिकी मेले होते. व्हिएतनामी मृतांची मोजणी लाखांत करावी लागते. आपल्या लेखामुळे काय झाले याविषयी केनन यांनी आठवणींत एक प्रतिमा योजली आहे : डोंगरमाथ्यावरची शिळा नकळत ढिली झाली आणि ती खाली विध्वंस करत जाताना आपण हताशपणे पाहत राहिलो. प्रतिमा प्रभावी आहे. पण लेखक प्रतिमेत सुटका शोधतो, तेव्हा वाचकाने सावध असावे. शिळा नकळत ढळली असेल. शब्द मात्र निवडलेला होता.

१९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला. व्यवस्था आतून पोखरली जाईल, हे एक्सचे भाकीत दहा-पंधराऐवजी चव्वेचाळीस वर्षांनी खरे झाले. साहजिकच दोन्ही पक्षांनी विजयावर हक्क सांगितला. शस्त्रस्पर्धेने रशियाला थकवले, असे निट्झ यांच्या वारसांचे म्हणणे. शस्त्रस्पर्धेने उलट क्रेमलिनमधल्या कर्मठांना बळ दिले आणि अंत लांबवला, असे केनन यांचे म्हणणे. १९९२ साली त्यांनी हे वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडले. फेब्रुवारी १९९७ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, नाटोचा पूर्वेकडे विस्तार ही घातक चूक ठरेल आणि रशियात राष्ट्रवादी व लष्करी वृत्तीला ती खतपाणी घालेल, असा इशारा त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून दिला. पुढच्या वर्षी सिनेटने ८० विरुद्ध १९ मतांनी विस्तार मंजूर केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर तो जुना लेख पुन्हा वाचला जाऊ लागला. एकाला त्यात भविष्यवाणी दिसली, तर दुसऱ्याला आक्रमकाच्या जबाबदारीवर पांघरूण. केनन यांची संहिता त्यांच्या पश्चातही वादातून सुटलेली नाही.

मात्र या शब्दाच्या चरित्रातले सर्वांत विलक्षण वळण २००२ चे आहे. १ जून २००२ रोजी वेस्ट पॉइंट येथे बोलताना अध्यक्ष बुश यांनी सांगितले, की संहारक शस्त्रे बाळगणाऱ्या हुकूमशहांपुढे 'कन्टेनमेंट' पुरे पडत नाही. धोका आकार घेण्याआधीच त्याच्यावर प्रहार केला पाहिजे. त्याला विरोध करणारे कोण होते? मिअरशायमर, वॉल्ट, वॉल्ट्झ यांच्यासारखे राज्यशास्त्रज्ञ. सप्टेंबर २००२ मध्ये अशा ३३ अभ्यासकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन इराकयुद्ध राष्ट्रहिताचे नाही असे बजावले. मिअरशायमर आणि वॉल्ट यांनी तर पुढे लेख लिहून दाखवून दिले, की सद्दाम हुसेन यांना 'कन्टेन' करणे शक्य आहे आणि तेवढे पुरेसे आहे. म्हणजे १९४७ साली ज्या शब्दात लिपमन यांना अनंत विस्ताराचे बीज दिसले होते, तो शब्द २००२ मध्ये युद्ध टाळू पाहणाऱ्यांच्या हाती आला. अठ्ठ्याण्णव वर्षांचे केनन तेव्हा मुलाखतीत म्हणाले, की युद्ध जे मनात धरून सुरू करावे तेथे ते कधीच थांबत नाही. मार्च २००३ मध्ये युद्ध झाले; ज्या संहारक शस्त्रांसाठी झाले, ती सापडली नाहीत. १७ मार्च २००५ रोजी केनन प्रिन्स्टन येथे वारले, तेव्हा ते एकशे एक वर्षांचे होते.

या इतिहासातून 'शब्द जपून वापरावेत' असा सोपा बोध काढून भागणार नाही. 'कन्टेनमेंट' हा शब्द काटेकोर असता, तर तो कदाचित चाललाच नसता. एक्सने 'पाच औद्योगिक केंद्रे, मुख्यतः आर्थिक उपायांनी' असे लिहिले असते, तर फॉरेस्टल यांना तो फार मवाळ वाटला असता, काँग्रेसला फार गुंतागुंतीचा, आणि 'लाइफ'ने तो छापलाही नसता. लोकशाहीत धोरणाला संमती लागते, आणि संमती बहुधा अशाच शब्दाला मिळते ज्यात प्रत्येकाला आपला अर्थ सापडतो. संदिग्धतेने एकमत घडवले आणि त्या एकमताचा हिशेब कोरिया, व्हिएतनाम आणि खेमकरण येथे चुकता झाला. कवितेतली संदिग्धता आपण समृद्धी मानतो, कारण तिथे अनेक अर्थ एकाच वेळी जिवंत राहू शकतात. धोरणातल्या संदिग्धतेला ही सवलत नाही. तिथे शेवटी एकच अर्थ अमलात येतो, आणि तो कोणता हे ठरवण्याची सत्ता लेखकाकडे नसते. ती असते त्या दिवशी खुर्चीवर बसलेल्या वाचकाकडे.

आज वॉशिंग्टनमध्ये चीनविषयी हाच शब्द पुन्हा बोलला जातो. कोणी तो सल्ला म्हणून उच्चारतो, कोणी आरोप म्हणून. तो कानावर आला की मराठी वाचकाने आपल्या भाषेची सोय वापरावी आणि बोलणाऱ्याला विचारावे : तुम्हाला यातले नेमके काय म्हणायचे आहे? रोखणे, आवरणे, की कोंडणे? लिपमन यांनी १९४७ साली विचारलेला प्रश्न मुळात हाच होता. त्यांना उत्तर देणारे पत्र लिहिले गेले होते. ते फक्त टपालात पडले नाही.